बिलातलं ‘इतर काम’

आमच्या गाडीची ड्रायव्हरची सीट नऊ वर्षं एकाच जागी अडकून बसली होती. ती जागा आमच्या ह्यांच्या पायांना अगदी बरोब्बर. हे सहा फूट उंच आणि मी पाच फुटांना जेमतेम पोचणारी. साठीला आल्यावर मी पलासियातल्या एका क्लासमध्ये गाडी शिकले, पहिल्याच फटक्यात लायसन्स मिळवलं आणि ते ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी तोंडभरून कौतुक केलं, पेढेसुद्धा आणले. पण गाडीची किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं. “अगं, सीटच सरकत नाही. तुझा पाय ब्रेकपर्यंत पोचणार कसा?”

दोन वर्षं ते लायसन्स कपाटात साड्यांखाली पडून होतं. मला काही फार लांब जायचं नव्हतं. मनात येईल तेव्हा महूला बहिणीकडे जावं, कुणाची मनधरणी न करता, एवढंच. पण ते एवढंच मला मिळत नव्हतं आणि त्याचा मला भयंकर राग यायचा.

मग क्लच बिघडला. आम्ही दोघं गाडी घेऊन सांवेर रोडवरच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने तपासून साडेआठ हजारांचं एस्टिमेट दिलं. तेवढ्यात ह्यांना फोन आला आणि हे बोलत बोलत बाहेर गेले. मी संधी साधली.

“भिया, ही सीट पुढे सरकेल का हो?”

त्याने वाकून पाहिलं. “सरकेल ना काकीजी. खालची पटरी पूरी जाम आहे, बदलावी लागेल. पण खर्चा बढेल हां.”

“बढू द्या. आणि डाव्या बाजूचा तो फुटका आरसाही बदला. फक्त बिलात ह्या कामांचं नाव लिहू नका. काकांना मी सांगेन.”

घरी गेल्यावर, पोटात चार घास पडल्यावर सांगायचं असा माझा बेत होता.

चार दिवसांनी गाडी घ्यायला गेलो. मेकॅनिकने मला दिलेला शब्द पाळला होता. क्लचच्या खाली त्याने नुसतं लिहिलं होतं, ‘इतर काम, चार हजार सातशे’. झालं! आमचे हे निवृत्त झाले ते सरकारी हिशेबखात्यातून. ‘इतर’ या शब्दाखाली लाल रेघ मारण्यात ह्यांचा जन्म गेलेला.

“इतर म्हणजे काय?” ह्यांनी चष्मा चढवला.

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “अब काकाजी, गाडी खोलली की काम निघतंच ना.”

“निघतं तर लिहायचं. हे असं मोघम लिहून लोकांना फसवता तुम्ही!”

तो माणूस लालबुंद झाला. तरी माझं नाव त्याने घेतलं नाही. “रहने दो काकाजी. क्लचचेच द्या तुम्ही. इतरचं सोडून द्या.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. माझ्या हौसेपायी एक सरळ माणूस चोर ठरत होता.

“त्याला काही बोलू नका,” मी ओरडलेच. “सीट मी दुरुस्त करायला सांगितली. आरसाही मीच. मला गाडी चालवायची आहे आणि मी चालवणार आहे!”

गॅरेजमधली ठोकाठोक थांबली. हे तडक गाडीकडे गेले. गाडीचं दार उघडून आत बसले आणि सीटखालचा दांडा ओढला. सीट पुढे गेली. मागे आली. पुन्हा पुढे. चार-पाच वेळा तोच खेळ झाला, खेळण्यातली गाडी हातात पडल्यासारखा. मग बाहेर येऊन ह्यांनी खिशातलं पेन काढलं, ‘इतर काम’ खोडलं, त्यावर सुवाच्य अक्षरात ‘सीट व आरसा’ असं लिहिलं आणि सगळे पैसे मोजून दिले.

“माफ कर रे भिया,” हे म्हणाले. “लिहिलेलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं.” हे साफ खोटं होतं.

मग हे वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. मी सीट पुढे ओढली आणि गाडी चालू केली. घरापर्यंत हे आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. पलासियाच्या गर्दीत तर ह्यांनी डोळेच मिटले. मी मात्र इतकी खूश होते की लाल सिग्नललाही हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडी घेऊन पोहे-जिलबी आणायला गेले आणि आले. नाश्ता झाल्यावर मी महूला निघाले. गाडीत बसून, सीट पुढे घ्यायची म्हणून खाली हात घातला. पण पाय आधीच ब्रेकवर टेकला होता. सहा फुटी माणसाने गाडी लावल्यावर सीट माझ्या जागेवर आणून ठेवली होती.

वर पाहिलं, तर हे गॅलरीत पेपर वाचायचं सोंग करत उभे. मी जोरात हॉर्न वाजवला.