डाव्या हाताची चाल

वानखेडे सर न सांगता पियानोचं झाकण लावत. बोटं ज्याची त्याने वाचवायची. मला हा माणूस कधीच आवडला नाही, आणि गेला म्हणून आता आवडून घेणार नाही.

लहानपणी मी त्यांच्याकडे शिकायला जाई. सेक्टर दहामधल्या त्यांच्या क्वार्टरात त्या पियानोने अर्धी बैठक अडवली होती. पोलादाच्या प्लांटमधले एक रशियन साहेब मायदेशी परतताना तो सरांच्या वडिलांना देऊन गेले होते. सर स्वतः त्याच प्लांटच्या मिलमधून निवृत्त झालेले, पण आवाज अजून मिलमधलाच. स्केल वाजवताना उजव्याचा अंगठा आधी वळतो, डाव्याची पाळी नंतर येते. नेमकं तिथे माझा उजवा पुढे पळे आणि डावा वाटेत बसून राही.

"कावून पळून राहिली? सुपेल्याची बस सुटून राहिली का? कमजोराच्या चालीनं दोघायनं चालाचं!" की झाकण धाडकन खाली.

डाव्याला वळण लागावं म्हणून हुकूम सुटला, घरी सगळं डाव्या हातानं करायचं. मी गाढवासारखी ऐकत गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी शेजारच्या काकूंना वाणही डाव्यानेच दिलं! आईने सगळ्या बायकांसमोर फाडकन हातावर मारलं. "डाव्या हातानं वाण देते? लाज नाही वाटत तुले?"

सरांना रडत सांगितलं, तर म्हणतात कसे, "मंग? देवानं दोन हात देल्ले. त्यातला एक ओवळा नाही देल्ला."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग ठरवलं, मंडळाच्या गणपतीत तिथल्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी भजन वाजवायचं आणि आईला दाखवायचंच, तिने मारलेला हात काय करू शकतो ते. आई पहिल्या रांगेत बसली. दुसऱ्याच ओळीला उजवा पळाला. सर उठले, स्टेजवर आले आणि त्यांनी कीबोर्डचं बटणच बंद केलं.

"हे वाजवणं नोहे, पळापळी आहे. पयल्यापासून. हळू."

सगळं मंडळ हसलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. निव्वळ त्या माणसाच्या रागाने मी पुन्हा सुरू केलं, डाव्याच्या चालीने, मुंगीच्या पावलांनी. शेवटचा सूर दोन्ही हातांनी एकदम लागला. आई टाळ्या वाजवत होती. सर मात्र म्हणाले, "ठीक. उद्या सायंकाळी ये." मेलं कौतुक म्हणून कधी तोंडातून निघालं नाही!

यंदा सर गेले. मी तेरवीला गेले, तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. सरांच्या पत्नी, वानखेडे काकू, प्रसादाचा लाडू घेऊन आल्या आणि माझा हात आपसूक पुढे झाला. डावा. बायका बघतच राहिल्या. मी हात मागे घेणार, तोच काकूंनी मनगट धरलं.

"राहू दे वं. त्याईनंच लावलेली सवय आहे."

आणि लाडू डाव्याच तळहातावर ठेवला. गेल्यावरही या माणसाने चारचौघींत माझी शोभा केली! राग आला, मग रडूच फुटलं. डोळे उजव्याने पुसले आणि लाडू डाव्याने खाल्ला.