डिस्कवर लावलेलं कुंकू

सरस्वतीपूजेच्या दिवशी आमच्या तंजावरात घरातली पुस्तकं आणि हत्यारं देवापुढे मांडतात. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, पुन्हा पूजा करायची आणि मग ती उचलायची. मधल्या वेळात वाचायचं नाही, लिहायचं नाही, शिवणाच्या मशीनवर पाय ठेवायचा नाही. हे मराठी घरं पाळतात तसं तमिळ घरंही पाळतात. माझ्याकडे पुस्तकं थोडी आणि हत्यार एकच, कॉम्प्युटर. त्याची पूजा मी दरवर्षी करते. त्या वर्षी जरा जास्तच मनापासून केली, तेच नडलं.

एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर मी आपल्या लोकांची स्थळं जुळवायला लागले. आपले लोक म्हणजे इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी बोलणारी घरं. ती आता मद्रास, कोईंबतूर, कुठे कुठे पांगली आहेत. पत्रिका, शिक्षण, फोटो हे सगळे देतात. त्याशिवाय कोणाच्या घरात काय दुखणं आहे, कोणाचं आधी कुठे मोडलं, हेही मला सांगतात, कारण राजवाड्यामागच्या गल्लीतली ही बाई बोलत नाही असं नाव झालं आहे. माझं स्वतःचं लग्न झालं नाही. धाकटा भाऊ म्हणतो, "अक्काला घरचं जेवण जमलं नाही म्हणून तिनं खानावळ काढली." त्याला असलं बोलायची सवय आहे, मी मनावर घेत नाही.

पूर्वी मी हे सगळं वहीत लिहीत असे, तेही देवनागरीत, म्हणजे कोणाला वाचता येऊ नये. आमच्यात देवनागरी वाचणारी माणसं थोडीच उरली आहेत. पण मी कॉफी करायला आत गेले तेवढ्यात त्या थोड्यांपैकीच एका बाईनं वही चाळली आणि तिच्या जावेच्या भावाची गोष्ट कुंभकोणमपर्यंत पोचवली. तेव्हा मी कानाला खडा लावला. भाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन पापनाशमला राहतो, कॉम्प्युटर हा त्याचा नाद. त्यानं माझ्या मशीनवर लिनक्स घातलं आणि अख्खी डिस्क कुलपात टाकली. सुरू करताना परवलीचं वाक्य टाकायचं, तरच आतलं दिसतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी नुसता कचरा दिसतो. "आता एक कॉपी काढून बाहेर ठेव," तो म्हणाला. मी ठेवली नाही. कॉपी काढली की गुपित अर्धं फुटलं असं माझं मत होतं, आणि त्या मताचा मला अभिमानही होता.

त्या कुलपात एक पत्र होतं. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत काम करणारी, चौतिशीची एक मुलगी. तिला विचारून हे लिहिते आहे. एकोणिसाव्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला मूल होणार नव्हतं. आईवडिलांचं म्हणणं, हे आत्ता बोलायचं नाही, लग्नानंतर बघू. तिचं म्हणणं, आधी सांगायचं आणि तिनंच सांगायचं. घरी लिहायची सोय नव्हती, म्हणून एका दुपारी माझ्याकडे बसून तिनं ते टाइप केलं. तमिळमध्ये, कारण देवनागरी तिला येत नाही. "वाचू नका मावशी," ती म्हणाली. "कुठे जमत आलं तर तांबूल बदलून लग्न पक्कं करायच्या आधी त्या मुलाच्या हातात द्या." मी शब्द दिला.

आणि जमत आलं. मद्रासचा मुलगा, चाळिशीला टेकलेला, बोलण्यात शांत. पत्रिका जुळल्या, दोघं दोनदा भेटली, दोघांनाही पटलं. दसऱ्याच्या दिवशी दुपारी मुलगा आणि त्याची आई माझ्याकडे जेवायला उतरणार, मग चार वाजता ओरत्तनाडूला जाऊन तांबूल बदलणार, असं ठरलं. मुलीनं फोनवर एवढंच विचारलं, "पत्र आहे ना?" मी म्हटलं, आहे. पूजेच्या आदल्या दिवशीच छापून ठेवता आलं असतं. नवरात्रात मांडायच्या कोलूच्या बाहुल्या, नैवेद्याला रोजची सुंडलची उसळ आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायका यात ते राहिलं.

सरस्वतीपूजेला मी कॉम्प्युटर पुसला. बाहेरून पुसून समाधान होईना, म्हणून बाजूचा पत्रा काढून आतली धूळही काढली. मग गंध आणि कुंकू. डब्याला लावलं, कीबोर्डला लावलं, आणि वाटलं, खरी विद्या तर त्या डिस्कमध्ये आहे. म्हणून बोट आत घालून डिस्कलाही गंध-कुंकू लावलं. पत्रा बसवला, पाटावर ठेवून वर रेशमी कापड घातलं, नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा करून मी मशीन टेबलावर आणून सुरू केलं. रोज पहिल्यांदा एक ओळ येते, कुठलासा भाग सापडत नाही म्हणून. ती त्याची सवय आहे, लक्ष देऊ नकोस, असं भावानं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पडद्यावरच्या कुठल्याच ओळीकडे लक्ष न द्यायची सवय मला झाली होती. परवलीचं वाक्य टाकलं. नेहमी चटकन उघडतं, त्या दिवशी बराच वेळ काही नाही. मग ओळींवर ओळी यायला लागल्या. आय-ओ एरर, म्हणजे डिस्कवरचं वाचता येत नाही, पुन्हा आय-ओ एरर, डिस्कचं नाव, आकडे. शेवटी सगळं थांबलं आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. बंद करून पुन्हा लावलं, तर या वेळी परवलीचं वाक्यसुद्धा विचारलं नाही. डिस्कच सापडत नाही म्हणालं.

भावाला फोन केला. तिसऱ्यांदा सुरू करून एकेक ओळ वाचून दाखवली. "खाली लिहिलंय, डिस्क हातानं तपासा म्हणून. ती आज्ञा देऊ का?"

"अजिबात नको," तो म्हणाला. "कुलूप उघडल्याशिवाय बाहेरून दुरुस्ती करायला गेलीस तर ती कुलूपच दुरुस्त करत बसेल, आणि कुलूप बिघडलं की परवलीचं वाक्य बरोबर असूनही आत जाता येत नाही. आधी आतलं बाहेर काढायचं, मग दुरुस्ती. बंद कर आणि हात लावू नकोस. मी निघतो."

"डिस्क गेली का रे?"

"आल्यावर सांगतो."

पापनाशमहून यायला त्याला तास-दीड तास लागणार होता. मी भाताचं आधण ठेवलं. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते इथे लिहायला हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. डिस्क गेली तर पत्र गेलं. मी काही लपवलं नाही, मशीननं खाल्लं. तांबूल बदललं जाईल, लग्न होईल, पुढे ती दोघं आपसात बघून घेतील. मुलगा चांगला होता, समजून घेईल अशी शक्यता होती. तोंडी सांगणं माझ्या हातात होतं, पण तिनं शब्द घेतला होता तो पत्राचा, असा वकिली मुद्दाही मी काढून ठेवला.

हे असं का वाटलं तेही सांगते. माझ्या कमरेवर चिंचोक्याएवढा एक पांढरा डाग आहे, लहानपणापासून, तेवढाच. माझे वडील प्रामाणिक. प्रत्येक स्थळाला त्यांनी आधी तो सांगितला. तीन घरं परत गेली, चौथं आलंच नाही. वडिलांचा मला अजून राग येतो. ते बरोबर वागले होते आणि तरी येतो.

भाऊ आला, कॉफीला नको म्हणाला आणि पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते म्हणे, ती त्यानं काढली. खराब झालेली जागा शून्य. एकच आकडा वाढलेला होता, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या वाटेत माहिती बिघडून पोचली तर वाढतो तो. "वाटलंच," तो म्हणाला. "मरायला टेकलेली डिस्क रोज तेच रडगाणं गाते. हिचं दर वेळी निराळं चाललंय." मग त्यानं मशीन बंद करून पत्रा काढला आणि आत बघत राहिला.

"अक्का, डिस्कला कुंकू कोणी लावलं?"

मी माझ्या बोटाकडे बघितलं.

"गंध लावताना हिची वायर ओढलीस तू. अर्धी बाहेर आली आहे." त्यानं ओल्या फडक्यानं नाही, कोरड्या फडक्यानं गंध खरवडून काढलं, वायर दाबून बसवली. खट् आवाज झाला. "डिस्क ठणठणीत आहे. तुझ्यामाझ्यापेक्षा."

खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. मला भावाचा राग आला. वाक्य टाकलं, मशीन उघडलं, सगळं जागच्या जागी होतं. घड्याळात साडेअकरा वाजले होते आणि माझ्याकडे सबब उरली नव्हती.

पत्र छापलं. वाचायचं नाही म्हणून घडी घालायला घेतलं, पण पहिली ओळ दिसलीच. नमस्कारापुढे नावाची जागा कोरी होती. घाईत विसरली असेल असं समजून मी पेननं त्या मुलाचं नाव घातलं.

जेवणं झाल्यावर मुलाची आई भावाशी बोलत होती तेव्हा मी लिफाफा मुलाला दिला. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. दोनदा वाचलं. आत येऊन पाणी मागितलं, मला म्हणाला, "हे तिनं स्वतः लिहिलंय?" मी हो म्हटलं. त्यानं मान हलवली. मग आईला घेऊन गाडीत बसला आणि दोघं बराच वेळ गाडीतच बोलत होती. गाडी ओरत्तनाडूकडे वळली नाही. आईचं ब्लड प्रेशर वाढलं म्हणून आज येत नाही, असा निरोप मुलीच्या घरी गेला. मला तेही कळवलं नाही, संध्याकाळी मुलीकडूनच समजलं. भावानं त्या मुलाचं पाणी प्यायलेलं भांडं उचलून विसळून ठेवलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, कुंकू, वायर, पेननं घातलेलं नाव, आणि डिस्क गेली असती तर बरं असं मला वाटलं होतं तेही. "मी ते द्यायलाच नको होतं," मी म्हणाले. माझा आवाज नीट नव्हता, तिचा होता.

"दिलंत ना मावशी? मग झालं." मग तिनं विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये आहे ना अजून? त्याची एक कॉपी काढून ठेवा. त्यात नाव मुद्दामच घातलेलं नाही मी. पुढच्या वेळीसुद्धा तुम्हीच घाला."