बरणीचा अहवाल
परवा पोस्टात वितळलेल्या लाखेचा वास आला आणि मुरुडचा सरकारी दवाखाना आठवला. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी मी तिथे डॉक्टर होतो. ऐन पावसात एक कोळी जेवणानंतर ओकून ओकून मेला. बायकोनेच विष घातलं म्हणून सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. मी त्याचं जठर बरणीत लाखेने सीलबंद करून मुंबईच्या प्रयोगशाळेसाठी दिलं, पण पावसाळ्यामुळे मुंबईची लाँच बंद होती, बरणी बंदरावरच पडून राहिली. दिवाळीनंतर अहवाल आला: नमुना कुजलेला, मत देता येत नाही. त्या कोळ्याची बायको दवाखान्याच्या दारातच उभी होती. “डाक्टरसाहेब, व्हय लिवलंय का न्हाय?” “दोन्ही नाही, बाई.” “मंग मी घरी कशी जाऊ?” मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.