फोन नसलेली माणसं

माझी धाकटी बहीण दहा-अकरा वर्षांची असल्यापासून विंगेत उभी राहून मला प्रॉम्प्टिंग करायची. संहिता हातात असायची, पण तिला ती लागायची नाही. मी वाक्य विसरलोय हे माझ्या आधी तिला कळायचं आणि पहिल्या रांगेला संशय यायच्या आत शब्द माझ्या कानात पडायचा. टाळ्या मी घेतल्या. ती पुढे संगणक शिकली आणि डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयात सव्वीस वर्षं राबली.

काचबिंदूच्या रोग्यांना दर सहा महिन्यांनी डोळ्यातला दाब तपासायला यावं लागतं. दुखत काहीच नाही, म्हणून माणसं विसरतात. कोणाला बोलवायचं याची यादी एक तारखेला धाकटीचा प्रोग्रॅम काढायचा. तो तिने हाताने लिहिला होता, ओळीमागून ओळ, आणि मध्ये मध्ये स्वतःसाठी मराठीत टिपा. एका जागी होतं : ‘यांच्याकडे फोन नाही. यांना विसरायचं नाही.’ त्याखालच्या ओळी अशा लोकांची वेगळी यादी काढायच्या आणि त्यांना टपालाने पत्र जायचं.

मग रुग्णालयाने नवी पद्धत आणली. त्यात लिहायचं काही नाही. पडद्यावर चौकटी मांडायच्या, माउसने एकीतून दुसरीत बाण ओढायचा, झाली यादी तयार. ती शिकवायला आणि पुढे सांभाळायला एक तरुण मुलगी आली. तिने सगळ्यांसमोर रोग्यांची चौकट ठेवली, फोन नंबरांची ठेवली, दोन्ही जोडल्या. साहेब म्हणाले, “ताई, तुमची सव्वीस वर्षं हिने चहा निवायच्या आत उरकली.” खोली हसली. मुलगी हसली नाही, हे धाकटीने मला मुद्दाम सांगितलं.

धाकटीची नजर तेव्हा पडद्यावर होती. पहिल्या चौकटीखाली आकडा होता चारशे बारा, शेवटच्या चौकटीखाली तीनशे एकोणनव्वद. ज्यांचा नंबर नव्हता ती तेवीस माणसं जोडणीत गळली होती. ती बोलणार तेवढ्यात ते हसू आलं आणि तिने तोंड मिटलं.

संध्याकाळी माझ्याकडे येऊन तिने हे सारं सांगितलं. उद्या त्यांच्या कानावर घालते, म्हणाली. माझी भूमिका नाटक कंपनीने मला न विचारता दुसऱ्याला दिली, त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती आणि ती खपली मी रोज काढत असे.

“मुळीच सांगू नकोस,” मी म्हणालो. “एकदा प्रॉम्प्टर गप्प राहू दे. तोंडघशी पडले की येतील तुझ्याकडे.”

“पण दादा, ती माणसं?”

“महिन्याभरात कळेल त्यांना.”

ती सहसा कोणाचं ऐकायची नाही. माझं ऐकलं.

महिन्याभरात कोणालाच काही कळलं नाही. यादी वेळेवर निघायची, सुबक दिसायची. पत्रं थांबल्याचं फक्त टपालाच्या शिपायाला जाणवलं आणि त्याला ते बरंच वाटलं. धाकटी रोज ठरवायची, उद्या सांगू. पण दिवस जातील तसं ‘आधी का नाही बोललात?’ याला उत्तर देणं अवघड होत गेलं.

आठव्या महिन्यात एक म्हातारे सुतार खिडकीशी आले. जुनी पत्रं रबर लावून जपलेली. पत्र आलं की मी येतो, म्हणाले. यंदा आलं नाही, मला वाटलं डोळा बरा झाला असेल. डाव्या डोळ्याने त्यांना आता रंध्याखालचं लाकूड दिसत नव्हतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

धाकटी उठली, त्या मुलीच्या टेबलाशी गेली आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं बोलली. मुलीने बाणाला एक फाटा काढला, एक चौकट टाकली. आठ महिन्यांत गळलेली एकशे एकतीस नावं पडद्यावर उतरली. चार मिनिटं लागली असतील. धाकटीला तेच सगळ्यात जास्त लागलं. दोष नव्या पद्धतीचा असता तर तिला निदान झोप लागली असती.

“तुमचा प्रोग्रॅम मला नीट वाचता येत नव्हता,” मुलगी म्हणाली, “आणि तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही.”

चौकटीला नाव काय द्यायचं, तेही तिने विचारलं. धाकटीने आपली जुनी टीप सांगितली. मग दोघींनी मिळून तीन दिवस पत्रं लिहिली.

मग झालेल्या चौकशीत धाकटीने लिहून दिलं, मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मुदतीच्या वर्षभर आधीच तिला निवृत्त व्हावं लागलं. सल्ला कोणाचा होता, हे त्या कागदावर नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

परवा मी तिला विचारलं, माझं नाव का घेतलं नाहीस.

“वाक्य तू सांगितलंस, दादा,” ती म्हणाली. “गप्प मीच राहिले.”

मग तिने चपला घातल्या. सुतारांची दहा वाजता तपासणी होती, आणि आता ते एकटे रस्ता ओलांडत नाहीत.