वरच्या मजल्यावरच्या काकूंची दोन मिनिटं

दिल्ली-नोएडात मिळून जितकी मराठी घरं आहेत, त्यांतल्या प्रत्येक घरात मलमपट्टीची पेटी कुठे ठेवली आहे हे सांगू शकणारी एकच बाई आहे आणि ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. कुणाकडे गेल्या की काकू आधी पाणी मागत नाहीत, पेटी मागतात. पेटी नसली तर ती घरची बाई त्यांच्या मनातून कायमची उतरली. असली तर चष्मा कपाळावर ढकलून एकेका ट्यूबवरची तारीख वाचणार आणि "हे मलम तुझ्या रुखवतातलं दिसतंय गं," म्हणून केराच्या डब्यात टाकणार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका प्लास्टिकचे डबे वाटतात. काकूंनी क्रेप बँडेज वाटलं, वर चार सेफ्टी पिना. "तिळगूळ घ्या आणि भाजल्यावर टूथपेस्ट लावू नका!" असं म्हणत प्रत्येकीच्या हातात वाण ठेवलं. एकीने भीतभीत विचारलं, मग हळद लावली तर चालेल का? हातातला करंडा तसाच धरून काकू म्हणाल्या, "ही कपाळाला. भाजलेला हात नळाखाली, वीस मिनिटं, आणि तोवर शेजारणींचे सल्ले बंद."

काकूंचे यजमान फौजेच्या इस्पितळात नर्सिंग असिस्टंट होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि काही वर्षांपूर्वी वारले. काकू स्वतः सातवी शिकलेल्या. छावणीत जवानांच्या बायकांना प्रथमोपचार शिकवायचे, तिथे त्या आधी शिकल्या आणि मग शिकवायलाच लागल्या. मी नोएडातल्या ज्या पाळणाघरात शिक्षिका आहे, तिथे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या आमचा सगळ्यांचा वर्ग घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी पेटी मागितली. पेटी मालकीणबाईंच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये आणि पर्ससकट मालकीणबाई गुडगावला. काकूंनी वाद घातला नाही. स्क्रूड्रायव्हर मागवला आणि कपाटाचं दारच काढून भिंतीला टेकवून ठेवलं. ते आजतागायत कुणी परत लावायची हिंमत केलेली नाही.

शिकवायला लागणारी कापडी बाळंही त्यांनी स्वतः शिवली आहेत. पानिपतच्या गिरण्यांतून ब्लँकेटच्या चिंध्या आणायच्या, आत तांदूळ भरायचे आणि वजनकाट्यावर तोलून सहा महिन्यांचं, वर्षाचं, तीन वर्षांचं अशी बाळं करायची. अंगात झबलं, डोक्याला टोपडं. घशात काही अडकलं तर पालथं कसं धरायचं, पाठीवर कुठे थापटायचं, ते सगळं या बाळांवर. एकदा मेट्रोच्या तपासणीत काकूंनी सहा महिन्यांच्या बाळाला तंगडीला धरून एक्स-रेच्या पट्ट्यावर सोडलं, तेव्हा मागची बाई "हाय राम, बच्चा!" म्हणून अशी किंचाळली की शिपायाने मशीनच थांबवलं. काकू म्हणाल्या, "घबराओ मत बहनजी. चावल का है."

आता माझं सांगते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. वडिलांनी माझा पदवीदानाचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलाय आणि त्याचा मला अभिमान आहे, उगाच लाजत नाही. मला आयुष्यात 'नापास' म्हणणारी पहिली व्यक्ती म्हणजे ही सातवी शिकलेली बाई. रबरी पुतळ्याच्या छातीवर दोन मिनिटं न थांबता दाब द्यायचा होता. मी एक मिनिट पन्नास सेकंदांना थांबले. "नापास," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो काकू, दहा सेकंदांनी काय होतंय?" त्या म्हणाल्या, "ते खाली पडलेल्याला विचार. परत सुरू कर." मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी पास झाले.

पाळणाघराचा नियम असा, की वर्ग घेणाऱ्याकडे चालू प्रमाणपत्र हवं. त्याची मुदत संपली की पुन्हा परीक्षा. ती काकूंनी दोनदा हसतखेळत दिली होती. पण यंदा गुडघ्यांनी दगा दिला, आणि परीक्षा जमिनीवर गुडघे टेकूनच द्यायची असते. प्रमाणपत्र गेलं तर शनिवार गेला. आणि यजमान गेल्यापासून काकूंचा सगळा महिना त्या एका शनिवारच्या आधाराने उभा असतो, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मीही परीक्षेला नाव घातलं. सोबत असावी, एवढंच.

दिल्लीच्या केंद्रावर माझी परीक्षा आधी झाली आणि मी पास झाले. मग काकूंनी पदर खोचला. सुरुवात अशी झकास, की बाकीचे उमेदवार बघायला गोळा झाले. सव्वा मिनिटानंतर त्यांचा ओठ दाताखाली गेला. मग एक हात सुटला आणि जमिनीवर टेकला. परीक्षक त्यांचा लेक शोभेल अशा वयाचा. तो लगेच म्हणाला, "बस आंटी, बहुत बढ़िया. आप तो हमसे सीनियर हो. पास."

"घड़ी में कितना हुआ?"

"एक पैंतीस. अरे, चलता है आंटी."

"किसका चलता है? फेल लिखो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काकू, तो स्वतः म्हणतोय ना, असू द्या की."

"तू मध्ये बोलू नकोस. उद्या एखादं पोर पडलं तर याला बोलावणार का मी, उरलेले पंचवीस सेकंद दाब द्यायला?" आणि त्याला म्हणाल्या, "लिखो बेटा. अच्छे अक्षर में."

त्याने लिहिलं. मी हात दिला, तो धरून त्या उठल्या. मेट्रोत आम्हाला शेजारी-शेजारी जागा मिळाली, आणि नोएडा येईपर्यंत काकू गुडघे चोळत बसल्या.

गेल्या शनिवारी वर्ग मी घेतला. काकू आल्या होत्या, मागे भिंतीशी खुर्ची घेऊन बसल्या, मांडीवर वर्षाचं बाळ. अर्धा तास झाला तरी एक शब्द नाही. नवीन आयाबाई बाळाला पालथं धरण्याऐवजी जोजवायला लागली तरी नाही. मला ते सहन होईना. मग मी पुतळ्यापाशी गुडघे टेकले आणि जाणूनबुजून हात चुकीच्या जागी, पोटावर ठेवले. मोठ्याने मोजायलाही लागले. एक, दोन, तीन, चार.

"अगं ए, जेवलाय का तो, पोट दाबतेस ते? वर घे हात!"

सगळ्या हसल्या. मी हात वर घेतले. आवाज अगदी पूर्वीसारखाच होता. फक्त तो आता बसल्या जागेवरून येत होता.