खांबांवर घातलेला आळ

दत्ताकाका कर्जतच्या बाजारपेठेतून चालायचे ते रस्त्याच्या मधोमध. मागून टेंपोवाल्याने कितीही हॉर्न वाजवला तरी बाजूला होत नसत. फारच झालं तर मान वळवून म्हणत, "घाई आसंल तर उडून जा रं. रस्ता सरकारचा, पन मी चालतो तेवढा माझा." टेंपोवाला हसायचा, कारण पुष्कळदा त्याच्या टेंपोतला माल काकांच्याच दुकानात उतरायचा असे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. दोघांनी गावाकडची भातशेती सांभाळत पेठेत हार्डवेअरचं दुकान काढलं आणि वाढवलं. अण्णा गल्ल्यावर बसायचे, बोलायचे कमी. दुकान चालवायचा तो काकांचा आवाज. खिळे घ्यायला आलेला माणूस पाण्याची टाकी घेऊन जायचा. "मी सांगतो ते आधी ऐक, मग तुझं खरं कर," हे त्यांचं पालुपद. त्यांचं ऐकून झाल्यावर आपलं खरं करायची ताकद फारशी कुणात उरत नसे.

मला सायकल शिकवली ती काकांनीच, आणि त्याच रस्त्यावर. दुपारी पेठ बंद असायची तेव्हा सीट धरून ते मागे धावायचे आणि ओरडायचे, "पडशील तर पड गं मने, पन हँडल सोडू नको!" आजूबाजूची माणसं जेवणं टाकून खिडकीत यायची.

पुढे मी लग्न होऊन पनवेलला गेले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले. त्याच सुमारास पेठेतली वाहनं कमी करायची योजना आली. सकाळी शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळेला मोटारी आणि टेंपो बंद. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब. त्यातला मधला खांब कुलूप काढून उचलता यायचा, म्हणजे अडीअडचणीला गाडी आत येईल. एका कडेला हिरवा पट्टा रंगवला होता, आसपासच्या गावांतून सायकलवर शाळेत येणाऱ्या मुलींसाठी. या योजनेमागे लागल्या होत्या त्या लेले बाई. आमच्या शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर सह्या गोळा करत दारोदार फिरल्या होत्या.

काकांनी पहिल्याच सभेत योजनेच्या चिंध्या केल्या. "हे काय माथेरान हाय का? मोटारी बंद करायच्या तर घोडे पन आना! माझे सिमेंटचे पत्रे काय घोड्यावरनं न्यायचे?" सगळा हॉल हसला. लेले बाई शांतपणे म्हणाल्या, "दत्ता, दुपारी उतरव ना माल. दुपार मोकळीच आहे." काका म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक दुपारी झोपतं."

त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. संध्याकाळी शेतावरून येणारं गिऱ्हाईक गाडी लांब लावून पाइप खांद्यावर नेईना, ते सरळ गावाबाहेरच्या चार फाट्यावरच्या दुकानात जायचं. पण पेठेत बायका निवांत उभ्या राहून बोलायला लागल्या होत्या. मुली दोघी-दोघी शेजारी सायकल चालवत यायच्या. मी माहेरी गेले की ते पाहायला मला आवडायचं. काकांना तसं म्हटलं की ते म्हणत, "तुला आवडंल गं, तुला कुठं पत्रे विकायचे हाईत."

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अण्णा गेले. संध्याकाळी दुकानात छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि पनवेलच्या वाटेवरच सगळं आटोपलं. मी इस्पितळाच्या दारात वाट पाहत उभी होते. आधी काका उतरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसत. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "दत्ता, झालं तरी कसं?" आणि काका म्हणाले, "खांब नसते तर माझा भाऊ वाचला असता. गाडी तिकडं खोळंबली, कुलूप उघडायला मानूस जाग्यावर नाय." ॲम्ब्युलन्स खांबापाशी थांबलेली चार लोकांनी पाहिली होती. किती वेळ थांबली ते कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली.

पुढचं सगळं फार वेगात झालं. मोर्चा निघाला. बॅनरवर अण्णांचा फोटो होता, लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला. आयुष्यात ज्यांनी कधी आवाज चढवला नाही त्यांच्या तोंडाखाली "आणखी किती बळी?" असं लिहिलं होतं. मोर्च्याच्या शेवटी लोकांनी खांब कापले. कापायचं यंत्र आमच्याच दुकानातलं होतं. लेले बाईंच्या फाटकाला कुणीतरी चपलांची माळ अडकवली. तरीही त्या आईला भेटायला आल्या. आईने दार उघडलं नाही. खांबांच्या कुलपाची किल्ली सांभाळायचं काम तुकारामकडे होतं. त्याला पालिकेच्या ठेकेदाराने दुसऱ्या दिवशीच घरी बसवलं.

योजना गुंडाळली गेली. काका जिंकले. आणि जिंकल्यापासून त्यांचा आवाज बसत गेला. मी जायचे तेव्हा ते दुकानात मागे, पाइपांच्या आड बसलेले असायचे. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर सांगायचे, बस. काकी मला म्हणाली, "भावाचं दुःख हाय गं. कमी होईल." मलाही तसंच वाटलं.

मग एका रविवारी काका पनवेलला माझ्या घरी आले. एकटे, न कळवता. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मने, तुकाराम आला होता दुकानात."

मला वाटलं भांडायला आला असेल.

"भांडला असता तर मी दोन हात केले असते गं. त्यानं इचारलं, दादा, मी खरंच उशीर केला का? मला तर वाटतं मी गाडी बघितली तशी खांब उचलला. पन तुमी म्हनता म्हंजे मला डुलकी लागली आसंल. बायको पन तेच म्हनते." काकांनी ग्लास खाली ठेवला. "मने, त्यानं गाडीच्या आधी खांब उचलून धरला होता. वाटेत मानसं होती म्हनून गाडी तिथं जराशी थबकली, बस. मी गाडीतच होतो. मी बघितलं."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. अण्णा संध्याकाळीच म्हणाले होते की छातीत कसंतरी होतंय. दिवाळीचं रंगाचं गिऱ्हाईक दुकानात दाटलं होतं. काकांनी समोरून सोड्याची बाटली मागवली, "ॲसिडिटी हाय, ढेकर दे, बरं वाटंल," म्हणाले आणि अण्णांना मागे स्टुलावर बसवलं. गर्दी ओसरल्यावर जाऊन पाहिलं तेव्हा अण्णांचा शर्ट घामाने भिजला होता आणि त्यांच्या तोंडून हाकही फुटत नव्हती. तेव्हा कुठे फोन केला.

"गिऱ्हाईक होतं गं," काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. "ओट्यावर समद्यांनी इचारलं तेव्हा तोंडातनं खांबच आले. एकदा आले ते आले. मग लोक माझ्याम्होरं पळायला लागले."

"आणि तुकारामला काय सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. "चहा पाजला. आनि लावून दिला."

मला त्यांची शिसारी आली होती, आणि कीवही आली होती. अण्णांच्या फोटोखालची ती ओळ आठवून माझा चेहरा तापला होता. आमच्या घराने आमचंच माणूस गावभर मिरवलं होतं. काका म्हणाले, "वैनीला सांगायचंय. तू चल. एकट्याच्यानं व्हायचं नाय."

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "स्टुलावर बसताना ते काय बोलले?"

"तू गिऱ्हाईक बघ, मी बसतो, आसं म्हनले."

"तसंच बोलनार ते," आई म्हणाली. मग म्हणाली, "भावजी, दुखनं कुनाला कळतंय? तुमच्या जागी मी असते तरी सोडाच दिला असता. पन मला खोटं सांगितलंत. त्या बाई दारात उभ्या होत्या आनि मी कडी लावली." ती उठून आत गेली. काका जेवायच्या वेळेपर्यंत थांबले, पण त्या दिवशी तिने त्यांना ताट वाढलं नाही.

लेले बाईंकडे ते एकटेच गेले. काय झालं ते मला नंतर बाईंनीच सांगितलं. काकांनी हात जोडले तेव्हा बाई म्हणाल्या, "माझी माफी मागून तुला बरं वाटेल, दत्ता. पण मुली परत टेंपोंच्या मधून येतात, त्याचं काय? हे गावाला सांग."

संधी चालूनच आली. व्यापारी मंडळींनी देवळाच्या सभामंडपात सत्यनारायण ठेवला होता. पूजेनंतर पेठ वाचवल्याबद्दल काकांचा सत्कार होता. शाल घालून झाल्यावर दोन शब्द बोला म्हणाले. काका उभे राहिले आणि एवढंच बोलले, "खांबामुळं अण्णा गेला नाय. माझ्यामुळं उशीर झाला. तुकारामची काय चूक नव्हती. मी खोटं बोललो." शाल घडी करून त्यांनी खुर्चीवर ठेवली.

मला वाटलं होतं, लोक चिडतील. चिडले, पण खोटं बोलल्याबद्दल नव्हे. एक जण हळूच म्हणाला, "दत्ताशेठ, आता हे उकरून काय मिळनार? खांब परत आनायचेत का?" दुसरा म्हणाला, "भावाच्या जाण्यानं डोक्यावर परिणाम झालाय." प्रसाद वाटायला सुरुवात झाली. खांब परत आले नाहीत. खड्डे काँक्रीटने बुजवले गेले, हिरवा पट्टा गाड्यांच्या चाकांखाली झिजून गेला. काकांच्या दुकानाकडे मात्र पेठेतली माणसं पाहिनाशी झाली.

तुकारामकडे जायचं तेवढं राहिलं होतं. काका आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तो खोपोलीजवळ साजगावला एका कारखान्याच्या गेटवर रखवालदार म्हणून लागल्याचं कळलं. शेवटी मीच एक दिवस सुट्टी काढली आणि त्यांना घेऊन गेले. गेटवर ट्रक ये-जा करत होते. तुकाराम गाड्या आत सोडत होता. काकांना पाहून त्याने घाईने टोपी सरळ केली.

काकांनी त्याला सगळं सांगितलं, ट्रकच्या आवाजात, दोनदा. पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने विचारलं, "म्हंजे मला डुलकी लागली नव्हती?"

"नाय रं. तू उभा होतास. खांब हातात घेऊन."

तुकारामने डोळे पुसले आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरला. "लई उपकार झाले दादा. घरी सांगतो. बायकोला तुमीच सांगितलं म्हनून सांगतो." मग ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि तो धावत गेला.

परतताना रिक्षात काका बाहेर बघत होते. खोपोली स्टेशनपाशी उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाले, "मने, त्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या गं. त्यानं माझे उपकार मानले."

त्यानंतर काका चार-पाच वर्षं जगले. दुकान चुलतभाऊ बघायचा. साजगावला मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत. मी एकदोनदा विचारलं, तर म्हणाले, "तो परत हात धरंल."