पगार भाऊसाहेब आणि विषय क्रमांक अकरा

नगरपालिकेत कारकून म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी शिपायाने मला सांगून ठेवलं, "मॅडम, इथं पगार वेळेवर येत नाहीत. अकरा तरी वाजतात."

मी मनमाडहून पहिल्या गाडीने धावतपळत आले होते. मला वाटलं, हा महिन्याच्या पगाराबद्दल बोलतोय. मी विचारलं, "अकराला? रोज?"

"रोज. रविवार सोडून."

नोकरी भलतीच चांगली आहे, असं मी मनाशी म्हणते आहे तोवर पायजमा, सदरा, पांढरी टोपी आणि काखेत कापडी पिशवी अशा थाटात एक बुटका माणूस आत आला. शिपाई म्हणाला, "घ्या. आले पगार."

हे आमचे सभा लिपिक, पगार भाऊसाहेब. सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले. तिकडे हे आडनाव पैशाला पासरी, पण आमच्या गावात ते एकटेच. त्यामुळे 'पगार वाढले', 'पगार रजेवर आहेत', 'पगार थकले' असली वाक्यं ऑफिसात दिवसभर ऐकू यायची आणि बाहेरून कामाला आलेली माणसं उगाच हळहळायची. भाऊसाहेबांना त्याचं काही नसे. ते म्हणत, "मना बापनी दिलं, मी वापरस."

गावात येऊन त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती, पण तोंडातली अहिराणी जागची हलली नव्हती. 'काय शे?', म्हणजे काय आहे, हा त्यांचा नमस्कार, आणि 'मंग?' हा निरोप. मात्र हाच माणूस सभेचं इतिवृत्त लिहायला बसला की लेखणीतून अशी मराठी उतरायची, की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं.

माझ्या पहिल्या सर्वसाधारण सभेत दोन नगरसेवक एका हातपंपावरून भांडले आणि त्यांनी एकमेकांना 'गाढव' म्हटलं. दुसऱ्या दिवशी वहीत मी वाचलं, 'उभय सन्माननीय सदस्यांनी परस्परांच्या कष्टाळू वृत्तीचा उल्लेख केला.' पुढच्या महिन्यात एकाने चप्पल भिरकावली, ती नगराध्यक्षांच्या टेबलावर जाऊन पडली. नोंद अशी झाली, 'सन्माननीय सदस्यांनी आपले म्हणणे पादत्राणासह सभापटलावर ठेवले.' एक सदस्य तर सभा सुरू होताच घोरायला लागत. त्यांच्या नावापुढे दर वेळी असायचं, 'सदस्य संपूर्ण कामकाजात शांततेने सहभागी होते.'

मी नवीन होते, तत्त्वाची होते. म्हटलं, "भाऊसाहेब, हे खोटं नाही का?"

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "खोटं कुठे शे? गाढव कष्टाळू नही का? चप्पल टेबलवर पडनी का नही?"

"पडली."

"मंग? हाई खोटं नही शे, ताई. हाई कागदावरली मराठी शे." आणि पुन्हा लेखणी टेकवण्याआधी म्हणाले, "शब्द मना, निर्णय सभाना. तिठे हात लावाना नही."

तेव्हा बायकांसाठी राखीव जागा नव्याने आल्या होत्या, आणि त्यातून सिंधूबाई निवडून आल्या. मळ्यातली भाजी आणि झेंडू घेऊन बाजारात बसणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, आवाजाने दणदणीत. पहिल्या सभेला त्यांचे यजमानच खुर्चीत येऊन बसले होते आणि बाई दाराशी उभ्या होत्या. भाऊसाहेब हजेरीपत्रक घेऊन यजमानांपुढे गेले.

"सही करा. सिंधूबाई तुम्हीच ना?"

यजमान गोरेमोरे झाले. "मी त्यांचा मालक."

"मालकना रकाना नही शे ह्यामा," भाऊसाहेब कागद उलटसुलट करून बघत म्हणाले. "मागच्या पानवर बी नही." सभागृह हसलं. यजमान उठले, बाई बसल्या, आणि त्या दिवसापासून ती खुर्ची त्यांचीच राहिली.

बाईंची मागणी एकच होती. भाजीबाजारात आसपासच्या खेड्यांतून दीड-दोनशे बायका पहाटे पाट्या घेऊन यायच्या आणि दुपारपर्यंत बसायच्या. त्यांच्यासाठी मुतारी नव्हती. "बापयांचं काय, त्यांना गावभर भिंती हायत," सिंधूबाई म्हणायच्या. "आमच्या बाया सकाळपून पानी पेत नाय. उन्हाळ्यात दोघीतिघी चक्कर येऊन पडत्यात. ते काय ऊन लागून नाय पडत, साहेब."

विषय दर सभेत यायचा आणि दर सभेत तहकूब व्हायचा. सदस्यांना तो शब्द उच्चारायचीच लाज वाटे. सभेपुढच्या विषयांची यादी भाऊसाहेबच तयार करत, आणि त्यांनी नेहमीच्या पद्धतीने लिहिलं होतं, 'भाजीबाजार परिसरात महिलांसाठी सोयीची जागा निर्माण करणे.' एक दिवस सिंधूबाई ती यादी हातात घेऊन थेट त्यांच्या टेबलापाशी आल्या.

"भाऊसाहेब, सोयीची जागा काय लिवलंय? बागंत बाक टाकायचाय का आपल्याला? मुतारी लिवा. तुम्ही असं गोड लिवता म्हणून ते दर बारीला पुढं ढकलत्यात."

भाऊसाहेबांनी ती यादी बाजूला सारली. एवढा मोठा शब्दांचा माणूस, पण हे त्यांना लागलं असावं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'विषय क्रमांक अकरा. भाजीबाजाराच्या कोपऱ्यावरील जागेत महिलांसाठी मुतारी बांधणे.' मग स्वतःच ते दोनदा वाचून म्हणाले, "बरं दिखस."

त्या यादीत विषय क्रमांक सात होता, बसस्टँडसमोरच्या चौकाला नाव देणे. नगराध्यक्ष आबासाहेबांना तिथे आपल्या वडिलांचं नाव हवं होतं आणि यादीत तेच घातलेलं होतं. विरोधी गटाचे नेते अण्णा, त्यांना स्वतःच्या वडिलांचं. गंमत म्हणजे हे दोन्ही वडील हयातीत एकमेकांचे जानी दोस्त होते आणि रोज संध्याकाळी त्याच चौकात बसून पत्ते खेळायचे. मुलांनी मात्र त्यांच्यावरून असं रण माजवलं, की पाचच मिनिटांत पाण्याचा जग आडवा झाला, माइकची वायर तुटली आणि अल्पोपहाराचा भेळभत्ता हवेत उडाला. आमच्याकडे भेळभत्ता मिरच्यांसकट देतात. एक मिरची नेमकी त्या झोपणाऱ्या सदस्यांच्या उघड्या तोंडावर पडली आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच सभेत बोलले. काय बोलले, ते मी लिहीत नाही. भाऊसाहेबांनीही लिहिलं नाही.

शेवटी केसांत शेव घेऊन आबासाहेब खुर्चीवर चढले आणि ओरडले, "सगळे विषय मंजूर! सभा संपली!" आणि मागच्या दाराने निघून गेले.

सिंधूबाई पदरावरचे कुरमुरे झटकत कपाटाआडून पुढे आल्या. "भाऊसाहेब, सगळे म्हंजी अकरा नंबर पन?"

"सगळा म्हणजे सगळा," भाऊसाहेब म्हणाले आणि तिथेच, ओल्या टेबलावर, शाईने नोंद केली. अल्पोपहाराबद्दल त्यांनी लिहिलं, 'वितरण झाले, परंतु ते सदस्यांपर्यंत समप्रमाणात पोहोचले नाही.'

दुसऱ्या दिवशी आबासाहेब स्वतः आमच्या खोलीत आले. बाजाराच्या त्या कोपऱ्यावर त्यांना दुकानांचे गाळे काढायचे होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाऊसाहेब, अकरा नंबर तेवढा तहकूब लिहा. मी घाईत बोललो."

"घाईमा बोलनात, पन बोलनात."

"अहो, तुम्ही चपलेचं पादत्राण करता, मग मंजूरचं तहकूब करायला काय होतं?"

भाऊसाहेब उभे राहिले. उभे राहूनही ते आबासाहेबांच्या खांद्यापर्यंतच येत. "साहेब, तुमना डोकावर शेव व्हती, ते मी लिखं नही. पन 'सगळे मंजूर' म्हननात, ते लिखेल शे. ते मना हातमा नही."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या बदलीचा हुकूम निघाला. कोंडवाड्यावर. म्हणजे गावातली मोकाट जनावरं जिथे आणून कोंडतात तिथे. भाऊसाहेबांनी कापडी पिशवी उचलली आणि इतिवृत्ताची वही माझ्यापुढे ठेवली. "आते हाई तुन्ही," म्हणाले. आणि दारातून, "मंग?"

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरी धाकट्या दोन बहिणी होत्या. आबासाहेबांनी मला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "ताई, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायचंय, ते तुम्हालाच वाचायचंय. स्वच्छ प्रत काढताना एक शब्द इकडचा तिकडे होतोच माणसाकडून. कोणी काही म्हणणार नाही."

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कोंडवाड्यावर गेले. भाऊसाहेब पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसून नोंदवही लिहीत होते. मी डोकावले. 'म्हैस एक, वर्ण काळा, डावे शिंग उजव्याशी सहमत नाही.' त्याखाली, 'बोकड एक, मालकाचा शोध लागेपर्यंत अखंड निषेध नोंदवीत आहे.' बोकड खरोखरच नोंदवीत होता. इतक्या मोठ्याने, की मला माझं गाऱ्हाणं ओरडून सांगावं लागलं.

ऐकून घेऊन ते म्हणाले, "त्या दिवस तुले काय ऐकू उनं व्हतं?"

"सगळे विषय मंजूर."

"मंग?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, मला भीती वाटते."

"भ्याव तर माले बी वाटस," ते म्हणाले. "ह्या बोकडनं. रोज ढुसनी मारस." मग वही मिटत म्हणाले, "सात नंबरबी वाच. मोठा आवाजमा वाच."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. पण सभेच्या दिवशी मी तसंच केलं. कागद टेबलावर दाबून धरला आणि विषय क्रमांक सात खड्या आवाजात वाचला. चौकाला आबासाहेबांच्या वडिलांचं नाव, मंजूर. आबासाहेबांच्या माणसांनी बाकं बडवली. आठ, नऊ, दहा. मग अकरा. 'भाजीबाजाराच्या कोपऱ्यावरील जागेत महिलांसाठी मुतारी बांधणे. मंजूर.'

"थांबा," आबासाहेब म्हणाले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मला परतीची मनमाडची गाडी दिसू लागली. "त्या दिवशी सभेत गोंधळ होता. गोंधळात काय मंजूर झालं आणि काय नाही, याला अर्थ नाही."

सिंधूबाई उठल्या. "मंग सात नंबर बी त्याच गोंधळात झाला. त्यो बी काढा."

अण्णा हळूच उभे राहिले आणि आनंदाने म्हणाले, "बाईंच्या म्हणण्याला माझा पाठिंबा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चौकाची पाटी आधीच रंगवून तयार होती. ती आबासाहेबांच्या ओट्यावर उभी होती आणि त्यांच्या वृद्ध आई रोज सकाळी तिला हळदकुंकू वाहत होत्या. ती पाटी आता परत पेंटरकडे पाठवायची, आणि आईला सांगायचं काय? आबासाहेबांनी छताकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, सिंधूबाईंकडे पाहायचं टाळलं.

"इतिवृत्त कायम," ते पुटपुटले.

"ऐकू नाय आलं," सिंधूबाई म्हणाल्या.

"इतिवृत्त कायम!"

मी खुर्चीत बसले आणि तिथेच, शाईने, ते नोंदवलं.

बांधकामाला दीड वर्ष लागलं. उद्घाटनाला कोणी पुढारी फिरकेना, कारण मुतारीसमोर फोटो कोणालाच नको होता. सिंधूबाईंनीच झेंडूच्या माळा बांधल्या, फीत लावली, आणि कोंडवाड्यावरून भाऊसाहेबांना बोलावून घेतलं. "भाऊसाहेब, कापा."

भाऊसाहेब चार पावलं मागे सरले. "बायास्नं शे ते. मी कसाले?"

"तुम्ही लिवलं म्हणून झालं."

"तुम्ही बोलनात म्हणून लिखं."

असा दोघांचा आग्रह चालला होता. तेवढ्यात मेथी विकणारी एक म्हातारी पाटी खाली ठेवून तरातरा आली. "तुमचं होऊ द्या निवांत," असं म्हणत ती फितीखालून वाकून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाहेर जमलेल्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. भाऊसाहेबांनी टोपी काढून डोळे पुसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. फीत शेवटपर्यंत कोणी कापली नाही. ती चार दिवसांनी शेळीने खाल्ली.

पुढे नगराध्यक्ष बदलले. नव्यांनी भाऊसाहेबांना जुन्या जागेवर परत बोलावलं, पण ते गेले नाहीत. "जनावरं भेळभत्ता फेकतस नही," एवढंच म्हणाले, आणि कोंडवाड्यावरूनच निवृत्त होऊन गावी गेले.

त्यानंतर काही वर्षांनी मला नाशिकच्या महापालिकेत नोकरी लागली आणि मी तिथे इंदिरानगरात राहायला आले. एकदा सप्तशृंगीला गेले होते, तिथून वाट वाकडी करून त्यांच्या खेड्यात गेले. भाऊसाहेब खाटेवर होते, फार वाळले होते. सुनेने भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. त्यांनी ऑफिसचं, आबासाहेबांचं, कोणाचंच काही विचारलं नाही. मी निघताना मात्र उशीवरून मान उचलली.

"मुतारी चालू शे?"

"चालू आहे."

"पानी?"

"आहे."

"दारनी कडी लागस का? आतूनथी?"

हे मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान पुन्हा उशीवर टेकवली. परतताना मी आमच्या जुन्या गावात एसटीतून उतरले, बाजारात गेले आणि पाहिलं. दोन दारांच्या कड्या धड होत्या, तिसऱ्याची तुटली होती. तिथेच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जुन्या ऑफिसात कोणाला तरी गाठून ती बसवून घेतली आणि भाऊसाहेबांना पोस्टकार्ड टाकलं, की तिन्ही लागतात. ते कार्ड त्यांना मिळालं, असं त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितलं. दहाव्याला गेले होते, तेव्हा.

नव्या मुताऱ्यांच्या पाहणीला मला आजही जावं लागतं. इंजिनिअर साहेब फरशी दाखवतात, रंग दाखवतात, कोनशिला दाखवतात. मी आधी आत जाते, दार ओढून घेते आणि कडी लावून बघते.